आज वरून काय आलं?

माणसं पोटासाठी काय काय गाळतात. कुणी घाम गाळतं, कुणी टिपं गाळतं, काहीजण शेजारच्याच्या ताटाकडे बघून नुसती लाळ गाळतात. आमचा मामा हवा गाळायचा.

शहराच्या टोकाला एक प्रयोगशाळा होती. तिच्या गच्चीवर पत्र्याच्या टोपीखाली एक मोठा पंखा सतत हवा ओढत बसलेला असे. त्याच्या तोंडाला ताटाएवढा पांढरा कागद. हवा कागदातून आरपार जायची आणि धूळ कागदावर राहायची. मामा रोज गच्चीवर जायचा, मळलेला कागद काढायचा, कोरा लावायचा आणि जुन्याची घडी घालून तो तळघरात नेऊन द्यायचा. झाली नोकरी. उभा जन्म त्यात गेला. "कागद मळवायचा पगार तर साहेबलोकांनाही मिळतो," तो म्हणायचा, "पण त्यांचे कागद खालून मळतात. माझा वरून."

त्याला गाळणीमामा हे नाव ठेवलं त्याच्या थोरल्या भावाने. त्यांना आम्ही सगळे दादाच म्हणायचो. दादा शिंपी होते. पुढे पाय गेले, मशीन चालवणं बंद झालं आणि ते घराच्या वरच्या खोलीत एका लाकडी खुर्चीत बसून राहू लागले. त्या खोलीला दोन वाटा. एक घरातला जिना, दुसरा परसातून चढणारा लोखंडी जिना. त्या लोखंडी जिन्याच्या दाराला लागूनच दादांची खुर्ची होती. कारण उघड होतं. संध्याकाळी मामा कामावरून परसदाराने यायचा, नळावर हातपाय धुवायच्या आधी तसाच मळक्या शर्टात वर चढायचा, आणि दादा दार उघडायच्या आत विचारायचे:

"आज वरून काय आलं रे?"

"नवे पाहुणे," मामा म्हणायचा.

एवढंच. दोन भावांचं दिवसभराचं बोलणं त्यात होऊन जायचं.

हे पाहुणे कोण, ते मामाने आम्हाला सांगितलं तेव्हा मी जेवत होतो आणि घास हातातच राहिला होता. खूप लांब, आपल्या कुणाच्या खापरपणजोबांच्याही कितीतरी आधी, एखादा तारा फुटतो. त्याचे कण सुटतात ते सुटतात. त्यांना म्हणतात वैश्विक किरण. काळोखातून येत राहतात, येत राहतात, आणि एके दिवशी नेमके आपल्या डोक्यावरच्या हवेवर येऊन आदळतात. असे आदळतात, की हवेतल्या नायट्रोजनचे, ऑक्सिजनचे अणू मुळापासून फुटतात. त्या फुटाफुटीतून जे अणू निघतात ते क्षणापूर्वी जगात नव्हतेच. त्यातल्या एकाचं नाव बेरिलियम-सात.

"म्हणजे मी वाळत घातलेल्या चादरींवर मेलेल्या ताऱ्यांची राख पडते म्हणा की," मामी म्हणाली. तिला कुठल्याही गोष्टीचा शेवट धुण्यापाशी आणून सोडायची सवय होती.

"राख नव्हे गं. तारा नुसता दगड मारून मोकळा होतो. खिडकी आपली, काचा आपल्या."

हे बेरिलियम जन्मतःच अस्वस्थ. धुळीच्या कणाला धरून ते खाली उतरतं, पण उतरता उतरताच विझायला लागतं. दोनेक महिन्यांत निम्मं उरतं, पुढच्या दोनेक महिन्यांत त्याच्याही निम्मं, आणि दीड-दोन वर्षांत शोधूनही सापडत नाही. विझताना त्यातले काही अणू एक शेवटची हाक मारतात. ती माणसाला ऐकू येत नाही. तळघरात शिशाच्या विटांचं एक छोटं घर करून त्यात एक यंत्र ठेवलं होतं, ते ती हाक ऐकायचं आणि पडद्यावर ठरलेल्या जागी एक सुळका उभा राहायचा. सुळका दिसला की धूळ ताजी, नाही दिसला की शिळी. मामाच्या घरात भाजी, बातमी आणि हवा या तिन्ही गोष्टींना ही एकच परीक्षा होती.

"याचा एक भाऊ आहे," मामा म्हणाला होता. "कार्बन-चौदा. तो मात्र धीराचा. हवेतून झाडात शिरतो, झाडातून आपल्यात. आपण मेलो तरी हजारो वर्षं हाडांत बसून असतो, हळूहळू विझत."

"म्हणजे आमच्यानंतरही आमच्या आत कुणीतरी जागं राहणार," दादा वरून म्हणाले. जिन्याचं दार उघडं होतं. आम्ही सगळे हसलो, पण मामीने उठून दिवा लावला.

दादा गेले ते एका वादळाच्या संध्याकाळी. वादळ आलं की उंचावरची हवा खाली लोटली जाते आणि पाहुण्यांची झुंबड उडते. त्यात कागद भिजला, मामाला तो पुन्हा बदलावा लागला, घरी यायला उशीर झाला. मामी दादांचा चहा घेऊन वर गेली. पावलांचा आवाज ऐकून दादांनी डोळे न उघडताच विचारलं, "आज वरून काय आलं रे?"

"अजून यायचेत ते," मामी म्हणाली. "येतील इतक्यात."

दादा 'बरं' म्हणाले. मामा आला तेव्हा ते गेले होते. 'वर गेले' असं आपण म्हणतो. मामाला तो शब्द त्या दिवसापासून चालेना. "वरून रोज येतात, मला माहीत आहे ना कोण येतं ते," तो म्हणाला. "त्यात दादा नसतो."

मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. प्रयोगशाळेतली पिवळी चिकटपट्टी आणून त्याने त्या खोलीच्या खिडक्या, झरोका, दोन्ही दारांच्या फटी पक्क्या बंद करून टाकल्या. दोन्ही दारांना कुलपं घातली आणि किल्ल्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवल्या.

"आत दादाची हवा आहे," तो म्हणाला. "त्याच्या छातीतून बाहेर आलेली. आयुष्यभर लोकांसाठी ताजी हवा गोळा केली, एक खोलीभर शिळी माझ्यासाठी राहू दे."

माणूस दुःखात असला की त्याला चिकटपट्टीचा खर्च विचारू नये, एवढी समज तिला होती.

असे दोन उन्हाळे गेले. आणि मग मामी बारीक व्हायला लागली.

मी रविवारी जायचो तेव्हा माझ्या लक्षात आलं. स्वयंपाकघर त्या खोलीच्या बरोबर खाली होतं. कांदा चिरता चिरता तिचा हात थांबायचा, मान किंचित वर व्हायची. पाल चुकचुकली तरी दचकायची. एकदा मामा परसात होता, नळ धो धो वाहत होता, आणि ही एकदम ओरडली, "अहो! अहो, इकडे या!"

मामा जरा वेळाने दारात आला. "काय झालं गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि जे सांगायचं होतं ते गिळून म्हणाली, "बादली भरून वाहतेय! सगळ्या गल्लीला आंघोळ घालणार आहात का?"

"लक्षच नाही राहिलं."

"रोजचं झालंय तुमचं. नळ सोडायचा आणि ध्यान लावायचं!"

पण पुढच्या रविवारी तिने गिळलेलं बाहेर काढलंच. मी समोर होतो म्हणून असेल. एकटं असलं की नवरा चेष्टा करतो, भाचा समोर असला की जरा मान ठेवतो.

"वर कोणीतरी आहे," ती म्हणाली.

"वर सगळेच असतात. आपण तेवढे राहिलोय," मामा म्हणाला.

"चेष्टा नको. संध्याकाळी खुर्ची कुरकुरते. आणि मग..." ती थांबली. "दादा बोलतात. तेच. आज वरून काय आलं रे, असं. एकदाच. उत्तर कुणी देत नाही. मग पुन्हा खुर्ची कुरकुरते."

मामाचा चेहरा उतरला. "अगं, भिंतीत ओल..."

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," मामी म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला. "आधी भिंतीतून आवाज. मग भिंतीशी बोलणं. शेवटी शेवटी मलाच विचारायची, बाई, तू कुणाची? मला तसं व्हायचं नाही हो. तुम्हाला मी 'तुम्ही कोण' म्हणून विचारेन, त्याआधी काय ते खरं मला कळू दे."

मामा बराच वेळ टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करत बसला. मग म्हणाला, "तपासू."

त्याचं म्हणणं साधं होतं. खोली बंद होऊन इतका काळ झाला, की आतल्या धुळीतले पाहुणे केव्हाच विझले असणार. धूळ पार शिळी. पण आत कुणी येत-जात असेल, तर त्याच्याबरोबर बाहेरची हवा येणार, म्हणजे धूळ ताजी निघणार. यंत्राला खोटं बोलता येत नाही.

"आणि शिळी निघाली तर?" मामीने विचारलं.

मामाने गोळा केलेलं मीठ पुन्हा विस्कटलं.

"तर आवाज माझ्या डोक्यात. असंच ना?"

"ताजी निघाली तर चोर आहे," मामा घाईने म्हणाला.

"चोराने काय न्यायचं या घरातून? तुमची चिकटपट्टी?" मामी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण चोरच निघू दे हो." घरात चोर शिरलेला असावा म्हणून डोळे लावून बसलेली बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही घरातल्या जिन्याने वर गेलो. मामाने पट्टी सोलली, कुलूप काढलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबला. "मी आत येत नाही," तो म्हणाला. "माझ्या अंगावर गच्ची असते. केसांत, बाह्यांत, नखांत. मी नुसता हात फिरवला तरी ताजं निघेल." दोन्ही हात खिशात घालून तो लांबूनच सूचना देऊ लागला. मामीने धुतलेले कपडे आणि कोरे हातमोजे घातले होते.

खोलीतला वास मला अजून आठवतो. जुना कपडा, मशीनचं तेल, आणि त्याखाली आणखी काहीतरी, कुणीतरी नुकतंच श्वास सोडून तोंड मिटल्यासारखं. खिडकीच्या पट्ट्यांतून पिवळा उजेड येत होता. मशीनवर दादांनीच शिवलेलं आच्छादन होतं, त्यावर त्यांचा चष्मा, आणि सगळ्यावर करडी धूळ. मामीने एक कोरा कागद पलंगाखाली पुसला, एक खिडकीच्या कठड्यावर, आणि एक दादांच्या खुर्चीच्या दोन हातांवर.

"इथे धूळ कमीच आहे," ती खुर्चीपाशी म्हणाली.

"गुळगुळीत लाकूड आहे. टिकत नाही."

"आणि मागच्या दाराची पट्टी सुटलीय."

"डिंक सुकला असेल. लवकर आटप, आतली हवा बाहेर चाललीय."

तळघरातल्या यंत्राचा कारभार ज्यांच्याकडे होता त्या बाई वयाने मामाच्या लेकीएवढ्या, पण हुद्द्याने त्याच्या साहेब. मामा त्यांना बाई म्हणायचा, त्या त्याला मामा म्हणायच्या, त्यामुळे नेमकं कोण कुणाचं ऐकतं हे प्रयोगशाळेत कुणालाच कळायचं नाही. त्यांनी कारण न विचारता तिन्ही कागद एकामागून एक शिशाच्या घरात ठेवले. अशा बारीक हाका ऐकायला वेळ लागतो. निकाल आला त्या दिवशी मामाने मलाही बरोबर नेलं. एकट्याने जायची छाती नव्हती.

तळघरात खिडकी नव्हती. यंत्र गुणगुणत होतं. बाईंनी पडद्यावर पहिली रेघ आणली. "पलंगाखालचा. सपाट, पार शिळा." दुसरी आणली. "खिडकीचा. नावाला फुगवटा आहे. एवढं फटींतून येतंच."

मामाने डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढे घरी वाट बघणाऱ्या मामीचा चेहरा आला.

"आता तिसरा बघा," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या रेघेत सुळका होता. सरळ, उंच, ठरलेल्या जागी. मामाने इतक्या जोरात श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "ताजं! बाई, ताजं आहे! चोर आहे!"

इतक्या आनंदाने चोराचं स्वागत कुणी केलं नसेल. पण बाई हसत नव्हत्या.

"मामा, हा कागद चुकून गच्चीवरच्या कागदाला लागला का?"

"नाही. मी शिवलोसुद्धा नाही. बायकोने पुसला, तिनेच पाकीट बंद केलं."

"मग चोर नाही हा. बाहेरची हवा शिरली असती तर सगळ्या खोलीत थोडी थोडी बसली असती. नुसत्या खुर्चीच्या दोन हातांवर एवढं? एवढं हवेतून पडत नाही, मामा. रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावरही नसतं. एवढं या शहरात एकाच ठिकाणी असतं. गच्चीवरच्या कागदावर." त्यांनी सुळक्यावर बोट ठेवलं. "ज्या हातांनी तो कागद काढला, तेच हात न धुता त्या खुर्चीवर टेकलेत. एकदा नाही, पुष्कळदा. अगदी आत्ता आत्तापर्यंत."

"छे हो," मामा हसला. "तो कागद काढतो तो तर मीच. दुसरं कोण..."

तो तिथेच थांबला. त्याने स्वतःचे हात उलटे केले, सुलटे केले, आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे बघत राहिला. यंत्र गुणगुणतच होतं. बाईंनी पडदा बंद केला, पण सुळका माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

आम्ही घरी निघालो. मला वाटलं, हा सांगणार नाही. सांगितलं तर मामी सुटते आणि हा अडकतो. न सांगितलं तर उलटं. गल्लीच्या तोंडाशी त्याची चाल मंदावली, पण थांबली नाही. मामी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. वळली नाही.

"चोर की मी?" तिने विचारलं.

"तुझं डोकं ताजं आहे," मामा म्हणाला. "शिळं झालंय ते माझं." आणि उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं.

मामी खाली बसली. तिच्या तोंडून एकच शब्द आला. "बादली."

"हो."

"म्हणून बादली वाहते."

"मला काही आठवत नाही गं," मामा म्हणाला. "परसात येतो, नळ सोडतो, आणि मग तुझी हाक ऐकू येते. मधे काहीच नाही. जिना नाही, कुलूप नाही. कापून टाकल्यासारखं."

"पण आवाज दादांचा होता. हुबेहूब."

"सख्खे भाऊ आम्ही," तो म्हणाला, पण ते उत्तर त्याचं त्यालाच पुरलं नाही, हे आम्हा दोघांनाही दिसलं. त्याने खिशातून किल्ल्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. "या तुझ्याकडे ठेव. मला वर जाऊ देऊ नकोस. तिथे जाऊन मी कोण होतो, कुणास ठाऊक."

डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि फारशी आशा दिली नाही. हे वाढत जाईल म्हणाला. मामीने किल्ल्या घेतल्या, पण त्याला अडवायचं नाही, हे तिने मनाशी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मामा कामावर गेल्यावर ती वर गेली, सगळ्या पट्ट्या सोलून टाकल्या, खिडक्या उघडल्या, आणि दोन्ही कुलपं काढून माळ्यावर फेकून दिली. पुढचं मला तिनेच सांगितलं, आणि सांगताना माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

संध्याकाळ झाली. परसात नळ सुरू झाला. तिने हाक मारली नाही. बाहेर जाऊन पाहिलं तर बादली काठोकाठ आणि नळापाशी कुणी नाही. तिने नळ बंद केला. पाणी थांबल्यावर इतकी शांतता झाली की वरची खुर्ची कुरकुरल्याचं स्पष्ट ऐकू आलं. ती लोखंडी जिना चढली.

मामा खुर्चीत बसला होता. मळकाच शर्ट, हात खुर्चीच्या हातांवर, पाय पुढे पसरलेले, निर्जीव, दादांचे असायचे तसे. मानही तशीच कलती. डोळे उघडे होते आणि तिच्याकडेच बघत होते, पण बायकोकडे बघावं तसे नव्हे. धाकट्या भावाच्या बायकोकडे बघावं तसे. तिला वाटलं, आपण उलट पावली पळावं.

"आज वरून काय आलं रे?" त्याने विचारलं.

खिडकीचा पडदा हलत होता. तिला ती वादळाची संध्याकाळ आठवली, आपण दिलेलं उत्तर आठवलं. तेव्हापासून हा प्रश्न असा रोज विचारला जातोय आणि रोज तसाच पडून राहतोय, हे तिला त्या क्षणी कळलं.

"नवे पाहुणे," ती म्हणाली. "पुष्कळ आलेत आज."

"बरं." मग थोडा वेळ थांबून, "आणि तो? तो आला का?"

"आलाय," मामी म्हणाली. "खाली हात धुतोय."

खुर्चीतल्या माणसाने समाधानाने मान हलवली. "मग चहा टाक त्याला," असं म्हणून त्याने डोळे मिटले. मामी तशीच उभी राहिली. जरा वेळाने पसरलेले पाय हळूच जवळ आले, हात खुर्चीवरून उचलले गेले, आणि मामाने दचकून तिच्याकडे पाहिलं.

"अगं, तू इथे काय करतेस?"

"बादली भरली," मामी म्हणाली. "चला, हात धुवून घ्या."